पाव्हण्याचा फ्लॅट

अर्जुनरावांना फोन करायचा तर माणसाला आधी आपलं गाव सांगावं लागे. चुकून लागलेला फोनसुद्धा ते गाव विचारल्याशिवाय ठेवत नसत. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या एका मुलीला त्यांनी एकदा चांगलं अर्धा तास धरून ठेवलं होतं आणि शेवटी ती त्यांच्या मावससासूच्या भावकीतली निघाली. कर्ज त्यांनी घेतलं नाही, पण पुढे तिच्या लग्नाला मात्र जोडीने जाऊन आले.

बीडमधल्या एका महाविद्यालयाच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. कचेरीत दाखल्यासाठी आलेल्या पोराचंही ते आधी आजोळ विचारत आणि मग दाखला शोधायला उठत. मराठवाड्यातला कुठलाही माणूस तिसऱ्या नात्याला आपला पाव्हणा निघतोच, हा त्यांचा सिद्धांत होता. पाव्हणा निघालेला माणूस फसवत नाही, हा त्या सिद्धांताचा दुसरा भाग. या दुसऱ्या भागाची परीक्षा त्यांच्या मुलीच्या नोकरीच्या वेळी झाली.

स्वप्नालीला पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. घरात पेढे आले, आणि पेढ्यांच्या पाठोपाठ पालीहून मामा आला. स्वप्नालीची आई वनमालाबाई, त्यांचे थोरले बंधू अमरसिंह दादा हे पंचायत समितीचे माजी सदस्य. त्यांच्या नावातला माजी हा शब्द सोडला तर बाकी सगळा थाट अजून चालू होता. वनमालाबाई दादांच्या शब्दाबाहेर नव्हत्या आणि अर्जुनराव वनमालाबाईंच्या.

"दाजी, नोकरीला माझी ना न्हाई," दादा पेढा खात म्हणाले. "पन पोरगी परक्याच्या घरात राहनार न्हाई. पुण्यात आपलं मानूस बघा, त्याच्या घरात ठिवा. न्हाई तर परळीचं स्थळ तयारच हाय."

"मामा, मला आधी नोकरी करायचीय," स्वप्नाली म्हणाली.

"तेच म्हनतोय मी बी. आधी मानूस, मग नोकरी."

अर्जुनरावांनी छाती पुढे काढून सांगितलं, "दादा, आपलं माणूस शोधायचं माझ्याकडं लागलं."

आणि ते कामाला लागले. स्वप्नालीने त्यांना फोनवर भाड्याच्या घरांच्या जाहिराती काढून दिल्या. ते चष्मा लावून एकेक नंबर फिरवू लागले. पुण्याच्या घरमालकांचा अनुभव त्यांना फार लागला. हे "आपलं मूळ गाव कोणतं?" विचारत, तर तिकडून "व्हेज की नॉनव्हेज?" असा उलटा सवाल येई. एकाने तर "तुम्हाला फ्लॅट हवाय का जनगणना करायचीय?" असं विचारून फोन आपटला. आयुष्यात अर्जुनरावांचा इतका पाणउतारा मामलेदार कचेरीतसुद्धा झाला नव्हता. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी त्यांना एक जाहिरात सापडली. फ्लॅट कंपनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फर्निचरसकट, बाल्कनीत तुळस, आणि भाडं आजूबाजूच्या घरांच्या जेमतेम निम्मं. मालकाचं नाव दिलं होतं सुभेदार शिवशंकर पी. अर्जुनरावांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"रामराम. आपलं गाव कोणतं म्हणायचं?"

पलीकडून उत्तर आलं. "सर, गाव म्हणजे... महाराष्ट्रच आहे."

"ते झालं हो. पण महाराष्ट्रात कुठं? बीडकडचे का?"

"जी सर. बीड."

"आवाजावरून आष्टीकडचे वाटता."

"जी, आष्टी."

"मला वाटलंच! आन् पी म्हणजे पवार का पाटील?"

"जी, दोन्ही."

अर्जुनरावांनी फोनवर हात ठेवला आणि बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "पाटीलकीवाले पवार!" मग पुन्हा फोनला तोंड लावलं. "धारूरला तुमचा मामा असायला पाहिजे."

"जी, मामा आहे ना."

"मामीचं नाव छबुबाई तर न्हाई?"

"जी, छबुबाईच. मामी फार प्रेमळ आहे."

"अहो, ती माझी सख्खी आत्या हाय!" अर्जुनराव ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या त्या कोरड्या दुनियेत शेवटी आपलं माणूस सापडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः, बसल्या जागेवरून, केवळ आवाजावरून शोधलं होतं. पलीकडचा माणूस पूर्ण वेळ फक्त हो म्हणत होता, ही गोष्ट स्वप्नालीच्या ध्यानात आली. अर्जुनरावांच्या ती यायचं कारण नव्हतं.

"बाबा, त्यांना मराठी नीट येईना," ती म्हणाली.

"बॉर्डरवर राहून भाषा बदलते."

"आन् भाडं इतकं कमी कावून हाय?"

"पाव्हण्याकडून कोण जास्त घेतं का?"

"पण ते पाव्हणे निघायच्या आधीच जाहिरातीत तेवढंच लिवलेलं होतं."

अर्जुनरावांनी चष्मा काढून पुसला. "रक्ताला कळतं," असं म्हणून ते चहा मागायला स्वयंपाकघरात गेले.

नातं एकदा निघालं की त्याची खातरजमा करायची असते. त्यांनी लगेच धारूरला छबुआत्याला फोन केला. छबुआत्याची एक नणंद, पारू, पूर्वी आष्टीकडे दिली होती आणि पुढे दोन घरांत येणं-जाणं राहिलं नव्हतं. छबुआत्या वयाने थकल्या होत्या, पण आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं त्यांनी जन्मात कबूल केलेलं नव्हतं.

"शिवशंकर? आपल्या पारूचा न्हवं का? त्याच्या बारशाला मी गेलते की! बुंदी केलती. लहानपनापासून लई गरीब सोभावाचं लेकरू."

शेजारचे अजीजभाई गॅरेजवाले. ते संध्याकाळी सहज ओट्यावर टेकले तेव्हा त्यांनाही हे कळलं. "आष्टीचा फौजी?" त्यांनी दाढी खाजवली. "ठैरो. आमच्या गॅरेजातल्या अबरारनं त्याची जीप दुरुस्त केलती. सीधा आदमी. मजुरीत एक रुपाया कमी कर म्हनला न्हाई." अजीजभाईंच्या बायकोनं, हाफिजाभाभींनी, सुभेदाराच्या बायकोसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवून दिली. सुभेदाराला बायको आहे, हे त्या दिवशी हाफिजाभाभींकडूनच सगळ्यांना समजलं.

पालीला बातमी गेली तशी दादांनी स्वतः सुभेदाराला फोन लावला. दादा त्याच्याशी पाऊण तास बोलले. त्यात पंचायत समितीतलं राजकारण, आपल्याशी झालेली गद्दारी आणि येत्या निवडणुकीतलं आपलं धोरण असं सगळं आलं. सुभेदार प्रत्येक वाक्याला "जी दादा, अगदी बरोबर" म्हणत राहिला. दादांचं इतकं कुणी घरातही ऐकत नव्हतं. फोन ठेवल्यावर ते गहिवरून म्हणाले, "दाजी, मानूस हाय का कोन हाय! बिनघोर पाठवा पोरीला." आणि त्यांनी सुभेदारासाठी ज्वारीचं एक पोतं आणि घरच्या तुपाचा डबा बीडला धाडला.

इकडे सुभेदाराचं काम मात्र झपाट्याने पुढे चाललं होतं. त्याने न मागता आपल्या मिलिटरीच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. त्यावरचा मिशीवाला माणूस ठळक होता आणि नाव पुसट होतं.

"बाबा, न मागता ओळखपत्र कोण पाठवतं?"

"ज्याला काही लपवायचं न्हाई तो."

"आपण आधी जाऊन घर बघू की. रविवारी जाऊ."

तसं विचारल्यावर सुभेदार म्हणाला, जरूर या. पण सोसायटी मिलिटरीची, आत जायला गेटपास लागतो आणि त्यासाठी थोडी रक्कम आधी भरावी लागते. घर बघून झालं की ती परत मिळते. स्वप्नालीने कपाळाला हात लावला. स्वतःचं घर दाखवायला पैसे घेणारा मालक तिने ऐकला नव्हता. अर्जुनरावांनी शिस्त या विषयावर तिला छोटंसं भाषण दिलं आणि ती बाजारात गेल्यावर गुपचूप रक्कम पाठवून टाकली. पावती म्हणून सुभेदाराने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

शनिवारी सकाळी सुभेदाराचा फोन आला. पास तयार आहे, पण एक अडचण झाली. एका कर्नलसाहेबांना हाच फ्लॅट पाहिजे. पाव्हण्यांसाठी आपण फ्लॅट अडवून धरलाय, तरी संध्याकाळच्या आत पूर्ण डिपॉझिट आलं नाही तर आपला नाइलाज होईल. कर्नलपुढे सुभेदाराचं काय चालणार? अर्जुनरावांनी घाईघाईने कपाटातून बँकेचं पुस्तक काढलं. ठेव मोडायची होती. ती ठेव स्वप्नालीच्याच नावाने, तिच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं साठवलेली.

"बाबा, एक मिनिट," स्वप्नाली म्हणाली. "मला बी बोलू द्या की पाव्हण्याशी."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, रामराम. मी स्वप्नाली. आपले धारूरचे शहादेवआजोबा तुमची लई आठवण काढतात."

"जी बेटा, जी. आजोबा कसे आहेत?"

"काका, असं काय करता? ते मागच्या महिन्यात वारले ना. तुमीच तर खांदा दिलता."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. "जी बेटा... त्या दिवशी मी खूप रडलो. आजोबांनी मला कडेवर खेळवलं. बाबांना सांग, डिपॉझिट संध्याकाळच्या आत पाठवा."

तिने फोन ठेवला. आणि ती बापाकडे वळली.

"बाबा, शहादेव नावाचं आपल्यात कुणीच न्हाई. ते मी आत्ता, पंख्याकडं बघत बघत तयार केलं."

अर्जुनरावांचा चेहरा उतरला, पण सिद्धांत अजून शाबूत होता. "धारूर मोठं गाव हाय," ते पुटपुटले. "असंल कुणीतरी शहादेव." आणि त्यांनी छबुआत्याला फोन केला.

"शहादेव?" छबुआत्या म्हणाल्या. "हाय की."

"आत्या, ते वारले म्हणतेत."

"आगं आई, गेला का! लई वाईट झालं. पायानं अधू होता बिचारा. बायकू लई चांगली त्याची."

अर्जुनरावांनी फोन बाजूला ठेवला. चोर खोटं बोलला, याचा धक्का त्यांना एवढा बसला नाही. चोराचं ते कामच आहे. पण पारूच्या पोराचं बारसं, बुंदी, गरीब स्वभाव, अबरारने दुरुस्त केलेली जीप, एवढा मोठा गोतावळा एका दमात जमीनदोस्त झाला. आणि त्या गोतावळ्याची पहिली वीट आपणच रचली होती. आष्टी आपणच म्हणालो, पवार आपणच म्हणालो, छबुआत्या तर आपण त्याला ताटात वाढून दिली. त्या बिचाऱ्याला काही करावंच लागलं नाही. अर्जुनरावांना स्वतःचा असा संताप आला की बँकेचं पुस्तक त्यांनी पुन्हा कपाटात फेकलं आणि कपाटाचं दार दोनदा आपटलं.

स्वप्नालीने ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लावून तक्रार नोंदवली. बँकेत विचारलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना? मग चोरी कशी?" हा प्रश्न अर्जुनरावांना फार लागला, कारण त्याचं उत्तर त्यांनाही येत नव्हतं. शेवटी ते कागद घेऊन ठाण्यात गेले. तिथे भागवत नावाचे हवालदार तक्रार लिहून घ्यायला बसले.

"आरोपीचं गाव?"

"आष्टी," अर्जुनराव सवयीने म्हणाले.

"आष्टीत कुनाचा?"

"पवाराचा. म्हंजे पाटीलकीवाले. धारूरच्या माझ्या आत्याच्या..." इथे त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "आवो, मंग आरोपी तुमचा पाव्हनाच की! पाव्हन्यावर कावून केस करता? चार मानसं घेऊन बसा, आपसात मिटवा."

"पाव्हणा नाही हो! त्यानं पाव्हणा हाय असं सांगितलं. म्हणजे मीच सांगितलं. तो फक्त हो म्हणाला."

"म्हंजे पाव्हनं तुमीच काढलं?" हवालदारांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "थांबा, पालीचे अमरसिंह दादा तुमचे मेव्हने ना? मंग काय काळजी करता! दादांना आत्ता फोन लावतो, वरून दाब आनला की काम झटक्यात हुतं."

अर्जुनराव उडालेच. दादांना कळलं की पुण्यातला पाव्हणा म्हणजे चोर, तर दुपारच्या आत परळीचं स्थळ बीडमध्ये चहाला येऊन बसलं असतं. "नको, नको, दादांना नको!" असं म्हणत त्यांनी हवालदारांच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला आणि कागद तिथेच सोडून बाहेर पडले. ठाण्याच्या पायऱ्यांवर त्यांची एक चप्पल निघाली, तीही त्यांनी हातातच घेतली.

कागदपत्रं मग स्वप्नालीने घरी बसून संगणकावर भरली. तक्रारीचा नंबर आला, पैसे मात्र आले नाहीत.

संध्याकाळी तिघं जण घरात बसले होते. कोपऱ्यात सुभेदाराच्या वाट्याचं ज्वारीचं पोतं, तुपाचा डबा आणि लोणच्याची बरणी होती. वनमालाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"दादाला काय सांगायचं आता? पोरीची नोकरी गेली माझ्या."

"मामाला कायबी सांगायचं न्हाई," स्वप्नाली म्हणाली. "पाव्हणा हाय, फ्लॅट हाय, मी तिथंच राहते. मामा त्यांच्याशी स्वतः बोललेत. आत्यानं बारसं पाहिलंय. एवढे साक्षीदार तर खऱ्या माणसाला बी मिळत न्हाईत."

वनमालाबाईंनी आयुष्यात दादांपासून काही लपवलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लोणचं तेवढं पोरीबरोबर देते. त्या मुडद्याला न्हाई."

अजीजभाईंची मुलगी नाजिया पुण्यातच नोकरीला होती आणि तिच्या खोलीतली एक मुलगी नुकतीच गेली होती. रविवारी अर्जुनराव आणि स्वप्नाली स्वतः जाऊन ती खोली बघून आले. या वेळी सगळं स्वप्नालीने केलं. खोलीचे नळ सोडून बघितले, वीजबिलावर घरमालकिणीचंच नाव आहे याची खात्री केली, खालच्या वाण्याकडे दोन शब्द चौकशी केली, करारनामा शेवटपर्यंत वाचला, आणि मग पैसे दिले. घरमालकीण कडक बाई होती. तिने मुलीचं ओळखपत्र घेतलं, कंपनीचं पत्र बघितलं, पोलिसांकडे नोंद करावी लागेल म्हणून सांगितलं. अर्जुनराव खुर्चीत अंग चोरून बसले होते. आता विचारेल, मग विचारेल, अशी वाट बघून शेवटी ते जिना उतरले.

"एवढा वेळ बसलो," ते रस्त्यावर आल्यावर दुखऱ्या आवाजात म्हणाले, "पण त्या बाईनं गाव विचारलं न्हाई."

"म्हणून तर चांगली हाय बाबा," स्वप्नाली म्हणाली.

ती नोकरीवर रुजू झाली आणि अर्जुनरावांचे खरे हाल सुरू झाले. आपल्याला लुटणाऱ्या माणसाची ख्यालीखुशाली त्यांना येता-जाता सांगावी लागे. भाजी मंडईत कुणी विचारी, कचेरीत कुणी विचारी, दादा तर दर आठवड्याला विचारत. सुभेदाराचा नंबर लागत नाही म्हणून दादांची तक्रार आली, तेव्हा "बॉर्डरवर बंदी हाय" असं सांगावं लागलं. त्याच्या मुलांच्या परीक्षा, बायकोचं दुखणं, बढतीचं भिजत घोंगडं, सगळं अर्जुनरावांनाच चालवावं लागत होतं. चोराचा संसार करता करता त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

पुढे पालीला दादांच्या नातवाचं जावळ निघालं. स्वप्नालीही सुट्टी काढून आली होती. मांडव भरला होता, पंगत बसली होती, छबुआत्या मानाने मधोमध बसवल्या होत्या. दादांनी चार माणसांसमक्ष खाकरून विषय काढला.

"दाजी, छबुआत्या म्हनत होत्या, आपल्या सुभेदाराला धाकटा भाऊ हाय. बिनलग्नाचा."

"हाय की," छबुआत्या म्हणाल्या. "दिसायला शिवशंकरापेक्षा उजवा."

"मंग मी काय म्हनतो," दादा स्वप्नालीकडे बघत म्हणाले, "पोरगी तशी त्यांच्याच घरात हाय. देऊन टाकू. दिवाळीनंतर बार उडवून देऊ."

स्वप्नालीच्या हातातला घास हातात राहिला. तिने बापाकडे बघितलं. अर्जुनरावांच्या डोळ्यांपुढे सगळा मांडव फिरला. मग ते सावकाश पाणी प्याले आणि जे येतं ते एकच शास्त्र त्यांनी काढलं.

"दादा, जरा नातं बघा. छबुआत्याची नणंद माझी कोण? आत्याच. तिचा पोरगा माझा कोण? भाऊ. मग शिवशंकर माझा भाऊ, आन् त्याचा धाकटा तो बी माझा भाऊच. म्हंजे पोरीचा कोण लागला?"

मांडवात लोक बोटं मोजू लागले.

"चुलता!" कुणीतरी म्हणालं.

"आपल्यात मामाला देतेत की," दादा जरा अडखळत म्हणाले.

"मामाला देतेत. चुलत्याला दिलेली दाखवा एखादी."

"शिव शिव," छबुआत्यांनी कानाला हात लावले. "मी तेच म्हननार होते."

भर मांडवात माघार घ्यायची दादांना सवय नव्हती. "बरं, मंग परळीचं स्थळ अजून मोकळं हाय. चुलता म्हनून कन्यादानाला सुभेदार उभा करू. त्याचं काय म्हननं हाय पोरीच्या लग्नाबद्दल?"

गेली दोन वर्षं अर्जुनराव स्वतःच्या तोंडाने दादांना सांगत होते, की पोरीला थोडी नोकरी करू द्या. त्यांचं बोलणं दादांनी कधी पानाच्या पिचकारीइतकंही मनावर घेतलं नव्हतं. अर्जुनराव लेकीकडे बघत म्हणाले, "सुभेदाराचं म्हणणं हाय, पोरगी हुशार हाय, आत्ताच लग्नाची घाई करू नका. तिला नोकरी करू द्या. ती सांगंल तेव्हा बघू."

"असं म्हनतेत का सुभेदार?" दादा विचारात पडले. मग त्यांनी मान डोलावली. "मंग बराबर हाय. एवढा जग बघितलेला मानूस, इचार करूनच बोलत असंल. परळीवाल्यांना सांगून टाकतो."

पंगतीत माना हलल्या. बापाच्या तोंडचं आणि चोराच्या तोंडचं वाक्य एकच होतं, वजन मात्र चोराचंच पडलं. अर्जुनरावांना तो अपमान घशापर्यंत आला आणि त्यांनी तो वरणाबरोबर गिळला. समोर स्वप्नाली ओढणी तोंडाशी धरून हसत होती, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले होते.

"दाजी," दादा वाढप्याला थांबवत म्हणाले, "सुभेदाराला आपला नमस्कार कळवा. असं मानूस नशिबानं भेटतं."

"कळवतो," अर्जुनराव म्हणाले. सोमवारी सकाळी स्वप्नाली कामावर हजर झाली.